कडेची खरवड

अंजनाला खुर्चीवरून उठवलं ते मी. ती खुर्ची तिने परत कशी मिळवली हे सांगायचं म्हणजे माझी थोडी शोभा होणार. होऊ दे. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, फार दिवस काही ती बघावी लागणार नाही.

मी मधु, मूळचा वाईचा. तासगावहून कवठे महांकाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची डेअरी आहे, तिथल्या प्रयोगशाळेचा प्रमुख. डेअरी म्हटलं की लोकांना पिशवीतलं दूध आठवतं. आम्ही पिशवीतलं दूध विकत नाही. आम्ही दूध मोडतो. मलई एकीकडे काढतो, उरलेल्या दुधाची पावडर करतो, पनीर केल्यावर जे हिरवट पाणी उरतं, ज्याला निवळी म्हणतात, त्यातली प्रथिनं गाळून घेतो. बिस्किटाच्या पुड्यावर बारीक अक्षरांत 'मिल्क सॉलिड्स' असतं, दवाखान्यात पेशंटला पाजतात त्या डब्यावर 'मिल्क प्रोटीन' असतं, ते आमच्यासारख्यांकडून गेलेलं असतं. सांगलीच्या तालमीत पूर्वी पैलवान दुधाच्या चरवीला तोंड लावायचे. आता त्यांचेच नातू जिममध्ये बाटली खडाखडा हलवून निवळीची पावडर पितात आणि वर आजोबांना विचारतात, दुधात काय ठेवलंय? अशा वेळी मला काहीतरी फेकून मारावंसं वाटतं.

या धंद्यात यंत्रं पुष्कळ. स्निग्धांश किती, पाणी किती, सगळं आकड्यात कळतं. चव मात्र अजून माणसालाच घ्यावी लागते. त्यासाठी आमच्याकडे एक छोटी खोली आहे. पांढऱ्या भिंती, तीन खुर्च्या, चूळ टाकायला बेसिन. पावडर कोमट पाण्यात कालवायची, थोडा वेळ ठेवायची, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकून टाकायचा. मग कागदावर एक ते नऊपैकी गुण. नऊ म्हणजे उत्तम. ऐकायला सोपं वाटतं. तुम्ही दिवसाला वीस पेले करून बघा, मग बोलू.

चार-साडेचार वर्षांपूर्वी त्या खोलीत तिसरी खुर्ची रिकामी झाली आणि मी कामगारांतूनच माणूस निवडायचं ठरवलं. अटी वाचून दाखवल्या. तंबाखू नको, मिशरी नको, गजरा नको, वासाचं तेल नको, ड्यूटीवर येण्याआधी कच्चा कांदा नको. मिशरीवरच निम्मं खातं बाद झालं. उरलेल्यांची परीक्षा घेतली. समोर तीन पेले, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कुठला ते सांगायचं. असं बारा वेळा. आमच्या प्रयोगशाळेतल्या पदवीवाल्यांना बारात आठ-नऊ जमतात. पॅकिंगमध्ये पोती शिवणारी एक बाई आली, डोक्यावरची जाळीची टोपी नीट केली, आणि बाराच्या बारा सांगून मोकळी झाली. जाताना दारात थांबली.

"सायेब, सातव्या टायमाचा मधला पेला साबनानं धुतलाय. नुस्त्या पान्यानं धुवायचा असतोय न्हवं?"

ती अंजना. तेव्हा तिशीची असेल. नवरा जोतीराम फौजेत, कायम कुठेतरी वर, बर्फाच्या बाजूला. घरी सासू बनुबाई आणि दोन म्हशी. कवठे महांकाळच्या अलीकडे एका वस्तीवर घर, शेत पावसावरचं. बोलणं कमी, आणि बोलली तर समोरच्याला उत्तर सुचू नये अशा बेताने.

खुर्ची मिळाल्याचं तिने जोतीरामला फोनवर सांगितलं, त्याने ते अख्ख्या पलटणीला सांगितलं. बनुबाईंनी वस्तीवर दारोदार जाऊन सांगितलं की आमची सून आता खुर्चीत बसून दूध चाखती आणि सायेब तिला इचारून सही करतो. हे शेवटचं खोटं नव्हतं. नियम असा होता की तिघांनी चव घ्यायची, गुण द्यायचे, मग मी स्वतः एक घोट घेऊन खाली सही करायची. हा नियम मीच लिहिला होता. लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दीड वर्ष झकास गेलं. उन्हाळ्यात दुधाला चाऱ्याचा वास कधी येतो, कुठल्या टँकरचं झाकण नीट बसत नाही, हे ती पेल्यातून सांगायची. मग एका सकाळी एक मोठी ऑर्डर निघायची होती. पुण्याची कंपनी, आजारी माणसांसाठी पोषणाचं पेय बनवणारी. त्या दिवशी खुर्चीवरचे बाकीचे दोघे सर्दीने घरी, एकटी अंजना. मी तीन ठिकाणी एकदम पळत होतो. पाऊण तासात गाडी निघणार होती. तिने कागद पुढे केला. नऊपैकी नऊ.

"लय भारी हाय सायेब. खरवडीचा वास हाय!"

ती हसत होती. दीड वर्षात मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मी सही केली.

खरवड कुणाला समजावून सांगायला नको. दूध तापवून झाल्यावर पातेल्याला जी लागते, शिंपल्याने खरवडून काढायची, साखर घालून किंवा तशीच खायची, आणि ज्यावरून घराघरांत भांडणं होतात, ती. वाईला आमच्या घरी माझी आई गोदावरी खरवडीचे मोजून चार भाग करायची आणि तरी रडारड व्हायची. त्या वासाला चुकूनही कुणी वाईट म्हणणार नाही. आपल्याकडे तर नाहीच.

आठव्या दिवशी सगळी पोती परत आली. सोबतच्या कागदावर एकच इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ जळकट. दवाखान्यातल्या पेयाला स्वतःची चवच नको असते. दुधाचा भाग एकदम कोरा पाहिजे. ड्रायरमध्ये कुठेतरी उष्णता जास्त झाली होती, पावडर किंचित करपली होती, आणि आमच्या चव घेणाऱ्या बाईने तिला नऊपैकी नऊ दिले होते.

मी तिला सगळ्यांसमोर बोलावलं. "अंजनाबाई, जळक्या पावडरीला नऊ?"

"जळकी न्हवती सायेब. खरवडीची व्हती."

"तेच ते!"

"मंग खरवड म्हंजे वंगाळ, हे मला कवा कुनी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. तिच्यासमोरचा कागद इंग्रजीत होता, त्यात दोषांची यादी होती, आणि ती यादी तिला एकदाही वाचून दाखवायचं मला सुचलं नव्हतं. पण माणूस तोंडघशी पडला की त्याला खरं सुचत नाही, दुसऱ्याचं नाव सुचतं. मी तिला पुन्हा पोती शिवायला पाठवलं. आणि एक गोष्ट कुणाला बोललो नाही. त्या सकाळी मी घोट घेतलाच नव्हता. नुसती सही केली होती.

पॅकिंगमध्ये तिचं नाव खरवडबाई पडलं. शिवणयंत्र सुरू करताना कुणी ना कुणी म्हणायचं, "काय खरवडबाई, आज किती मार्क?" ती दोरा ओवत राहायची. चार दिवसांनी ती माझ्या दाराशी आली. आत आली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली.

"सायेब, येक सांगते. चव मी बरूबर वळखली व्हती. चांगली का वाईट, येवढंच चुकलं. ते शिकता येतंय. ती खुर्ची मला परत पायजे."

मी म्हणालो, बघू. हा शब्द साहेब लोक कशासाठी वापरतात, ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

पुढची दोन वर्षं तिने काय केलं, ते मला फार उशिरा बनुबाईंकडून कळलं. घरी जाऊन तिने पहिली गोष्ट ही केली की खरवड सोडली. खुर्ची परत मिळेपर्यंत तोंडात घालायची नाही. बनुबाईंना वाटलं सून रुसली. रोज शिंपल्याने काढून वाटीत ठेवायच्या, रोज ती वाटी शेवटी मांजराकडे जायची. आणि दर सुट्टीच्या दिवशी अंजना सासूला कामाला लावायची. दूध मंद जाळावर, दूध मोठ्या जाळावर, दूध न ढवळता, दूध ढवळून. ती स्वतः अंगणात डोळे मिटून बसायची आणि बनुबाई एकेक पातेलं नाकाशी आणायच्या.

"म्या म्हनलं हिला लागीर झालं," बनुबाई मला सांगत होत्या. "आवं, सोन्यासारखं दूध, आन् ही म्हनती अजून लागू द्या, आत्ती, अजून लागू द्या! आनि मंग नुस्ता वास घ्यायची. खायाची न्हाई. माजा जीव तुटायचा."

असं करता करता तिला खरवडीत खरवड वेगळी कळायला लागली. तळाची वेगळी, कडेची वेगळी. आपण सगळे खातो आणि सगळीला खरवडच म्हणतो. तिला मात्र, नाकाशी पातेलं आणलं की, जाळ खाली होता का बाजूने वर आला होता, हे कळायचं. आणि डेअरीत ती काय करत होती? प्रत्येक पोतं शिवण्याआधी त्याच्या तोंडाशी क्षणभर वाकत होती. आम्हाला वाटायचं दोरा बघते. दोन वर्षं, दिवसाला शे-दीडशे पोती. माझ्या प्रयोगशाळेतल्या कुठल्याही नाकाला एवढा सराव नव्हता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

गेल्या चैत्रातली गोष्ट. द्राक्षं उतरून झाली होती, रस्त्याच्या दोन्ही अंगांना बेदाण्याच्या शेडी भरलेल्या. आमचा ड्रायर सलग दुसऱ्या दिवशी चालू होता. ड्रायर म्हणजे सहा मजली उंच लोखंडी मनोरा. आटवलेलं दूध वरून फवाऱ्यासारखं सोडायचं, वरूनच कढत हवा सोडायची, आणि खाली पडेपर्यंत त्याची पावडर व्हायची. मग ती चाळून, गार करून पोत्यात. ती पावडर तान्ह्या मुलांच्या आहारासाठी जाणार होती, आणि एवढं मोठं काम आम्हाला पहिल्यांदाच मिळालं होतं. प्लँट मॅनेजर राजेश्वरी मॅडम त्याच कामाच्या बैठकीला सांगलीला गेल्या होत्या. सकाळचे अकरा वाजले असतील. अंजना प्रयोगशाळेत आली. उंबऱ्यात थांबली नाही, थेट आत. गळ्यात शिवणाचा दोरा तसाच.

"सायेब, ड्रायर थांबवा."

"का? काय झालं?"

"खरवड."

प्रयोगशाळेतली दोघं फिसकन हसली. मीही हसलो, खोटं कशाला सांगू? ती हसली नाही. तेव्हा मी उठलो. ताज्या पावडरीचा पेला केला, घोट घेतला. स्वच्छ. दुसऱ्या दोघांना दिला, स्वच्छ. मग पावडर पाण्यात विरघळवून कापसाच्या चकतीतून गाळली. करपलेले कण असले तर चकतीवर तपकिरी ठिपके दिसतात. चकती पांढरीशुभ्र. ती चकती मी तिच्यासमोर धरली, जरा जोरातच.

तोवर नानासो आला होता. तो बावीस वर्षं ड्रायर चालवतोय, आवाजावरून त्याला पंख्याची तब्येत कळते.

"ताई, सकाळधरनं काटा येक डिग्री हलला न्हाई. कशाला घोर लावतीस?"

अंजनाने चकतीकडे पाहिलंही नाही. "पावडर चांगली हाय, मी कुटं न्हाई म्हनती? पावडरीत वासच न्हाई. पोतं भरलं की आतली हवा भस्सकन भाईर येती, त्या हवंत हाय. तीपन दर पोत्याला न्हाई. धा पोत्यांत येकदा."

"मग खरवड कशाची?"

"ही तळाची न्हवं सायेब. तळाची गोडूस येती. ही कडंची. जाळ मोठा झाला की पातेल्याच्या काठाला, दुधाच्या वरल्या अंगाला, सुकी साय चिकटती न्हवं? ती करपती. खाली दूध चांगलंच असतंय, कुनाला कळत न्हाई. पन वास आधी तिचा येतोय. वर कुटंतरी लागलंय. लय वर."

नानासो आणि मी एकमेकांकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. मनोऱ्याच्या अगदी वर, कढत हवा जिथून आत शिरते, तिथे दूध थेंब थेंब गळून चिकटू शकतं. चिकटलं की वाळतं, वाळलं की तापतं, तापता तापता आतून धुमसायला लागतं. हे आम्हाला पुस्तकातून ठाऊक होतं. आणि तिथे काटा नाही. आमचा काटा खाली, हवा बाहेर पडते त्या तोंडाशी.

पण हे 'असू शकतं' झालं. ड्रायर थांबवायचा म्हणजे टाकीतलं आटवलेलं दूध वाया, धुण्यापुसण्यात एक दिवस, ऑर्डरला उशीर. आणि कशावर थांबवायचा? यंत्र म्हणतंय ठीक, चकती म्हणतेय ठीक, माझी स्वतःची जीभ म्हणतेय ठीक. ठीक नाही असं म्हणणारं एकच नाक, आणि ते एकदा चुकलेलं. मी राजेश्वरी मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, तुम्हाला स्वतःला वास आला का?"

"नाही."

"नानासोंना?"

"नाही. अंजनाला आला."

मग त्या म्हणाल्या, "मी तिथे नाही. तुम्ही आहात. निर्णय तुमचा, सही तुमची."

ड्रायर थांबवायचा कागद नानासोने पुढे धरला. एकदा मी चव न घेता सही केली होती. या वेळी चव न कळता करायची होती. मी अंजनाकडे पाहिलं. तिची नजर माझ्यावर नव्हती, त्या पेनावर होती. मी सही केली.

असा ड्रायर झटकन दार उघडून बघता येत नाही. आत काही धुमसत असेल तर ताजी हवा मिळून भडका उडायचा. नानासोने कढत हवा बंद केली, पंखे बंद केले, दुधाऐवजी वरून पाणी सोडलं. खालची माणसं बाहेर काढली. मग वाट बघायची. अडीच तास. एवढा वेळ तो मनोरा गप्प असलेला मी कधी ऐकला नव्हता. माणसं लिंबाखाली घोळक्याने उभी, आणि अंजना एकटी, पायरीवर. तिच्या शेजारी कुणी बसेना. मी जाऊन बसलो.

ती म्हणाली, "सायेब, न्हाई निघालं तर मी उंद्यापास्नं येत न्हाई. खुर्ची ऱ्हाऊ द्या, पोती शिवायलाबी न्हाई."

"नाही निघालं तर आपण दोघंही येत नाही," मी म्हणालो. आणि खरंच सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं.

दीड-पावणेदोनला नानासो बॅटरी घेऊन वर चढला. झाकण उघडल्याचा आवाज आला. मग सहा मजल्यांवरून त्याची आरोळी आली.

"आवं सायेब! आवं, हाय! हाय हितं! नारळायेवढा हाय गड्या!"

लोखंडी ताटात घालून त्याने तो गोळा खाली आणला. वरून खमंग तपकिरी, अगदी पातेल्याच्या काठावर असतो तसा रंग. नानासोने सळईने फोडला. आत काळाकुट्ट कोळसा, आणि मधोमध, एवढं पाणी पडूनही, हात धरवेना इतका गरम. हा गोळा सुटून खालच्या कोरड्या पावडरीत पडला असता, तर ती पेटली असती, आणि उडणारी पावडर पेटते ती आगीसारखी नाही, बॉम्बसारखी. खाली पॅकिंगला सहा माणसं उभी असतात. त्यांतली एक पोती शिवते.

हे सगळ्यांना एकदमच कळलं असावं. नानासोने डोक्यावरची जाळीची टोपी काढली, जी प्लँटमध्ये काढायची अजिबात परवानगी नाही, आणि अंजनासमोर वाकून म्हणाला, "ताई, माझी बावीस वर्सं तुझ्या नाकापुढं कायबी न्हाईत." आणि मागून कुणीतरी ओरडलं, "खरवडबाई!" तेच नाव, तेच गडी. पण आता त्याला शिट्ट्या होत्या, टाळ्या होत्या, लिंबावरचे पक्षी उडाले एवढा कल्ला होता. मी साठीला आलेला माणूस, मीही बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. वाजली नाही, तो भाग वेगळा.

चार वाजता राजेश्वरी मॅडम आल्या. गोळा पाहिला, चेहरा उतरला, मग फुलला. सगळ्यांसमोर विचारलं, "हे कुणी ओळखलं?" मी म्हटलं, आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही.

"अंजनाने. आणि मॅडम, दोन वर्षांपूर्वी तिला ज्या कागदावरून मी खाली पाठवलं, त्यावर माझी सही आहे. त्या दिवशी मी चव घेतली नव्हती. चूक माझी होती, खुर्ची तिची गेली."

अंजनाकडे बघायचा धीर होईना. ती शांतपणे म्हणाली, "मला ठावं हाय. तुमचा पेला त्या दिशी कोरडा व्हता. धुवायला मीच नेला व्हता न्हवं?"

दोन वर्षं! दोन वर्षं ही बाई ते जाणून होती, आणि खालून मला रोज "नमस्कार सायेब" म्हणत होती.

"मग बोलली का नाहीस?"

"माझी चूक मी सांगितली. तुमची तुमी सांगायची व्हती."



खुर्ची तिला तिथल्या तिथे मिळाली. तिसरी नाही, पहिली. चव-खोलीची प्रमुख म्हणून. वर राजेश्वरी मॅडमनी असंही लिहून दिलं की ड्रायर थांबवायला तिचा एकटीचा शब्द पुरे. बाई यावरही लगेच हुरळली नाही. म्हणाली, एक अट आहे. तो इंग्रजी कागद बदला. आमच्या तोंडात जे शब्द आहेत ते त्यावर पाहिजेत, म्हणजे पुढच्या बाईला कुणी न सांगता कळेल. मग आम्ही दोघांनी बसून नवा कागद केला. ओशट, खवट, उग्र, पेंडीचा वास, डबक्याचा वास. आणि खरवडीच्या दोन ओळी, तळाची आणि कडेची. कडेचीपुढे लाल अक्षरांत 'ड्रायर ताबडतोब बंद'. पुण्याची ती कंपनी पुढे तपासणीला आली तेव्हा त्यांच्या माणसांनी विचारलं, हा खरवड शब्द काय आहे? अंजनाने प्रयोगशाळेच्या शेगडीवर दूध ठेवलं, लागू दिलं, खरवडलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी बोटं चाटली. तेव्हा ती म्हणाली, "चांगलं लागतंय न्हवं? म्हनूनशान फसायला हुतंय." मराठी कागद त्यांनी मंजूर केला. सोबत इंग्रजी भाषांतर जोडा म्हणाले. जोडलं. त्यातही खरवडला खरवडच लिहिलंय.

पण हे नंतरचं. मला सांगायचंय ते गोळा निघाला त्याच आठवड्यातल्या रविवारचं. नव्या कागदाचा कच्चा खर्डा घेऊन मी तिच्या वस्तीवर गेलो. शब्द एकदा तिने तपासायचे, प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणून खाली मी सही करायची, आणि सोमवारी छपाईला. अंगणात बाज टाकलेली, गोठ्यात म्हशी रवंथ करत होत्या. बनुबाईंनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि सुनेच्या दोन वर्षांच्या व्रताची कहाणी तेव्हा सांगितली. मधेच पदराने डोळे पुसले, मधेच मला "आवं सायेब, तुमीबी कमालच केली" असं तोंडावर सुनावलं. मी ऐकून घेतलं. ऐकायलाच हवं होतं.

फोन वाजला. जोतीराम होता, चित्रासकट. मागे बर्फ आणि आठ-दहा जवान एका चौकटीत घुसलेले. "सुटली का शपथ?" तो विचारत होता. "खाल्ली का अजून न्हाई?"

बनुबाई आतून पातेलं घेऊन आल्या. दूध ओतून घेतलेलं, पातेलं अजून गरम. त्यांनी शिंपला घेतला आणि करकर आवाज करत खरवडायला सुरुवात केली. वाटी भरली. ती त्यांनी सुनेच्या हातात दिली आणि तिच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. अंजनाने वाटी नाकाशी नेली. सवयच ती. मग एक मोठा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि थुंकला नाही. गिळला. फोनमधून पलटण ओरडली. बनुबाई रडत हसत होत्या.

मी खर्डा पुढे केला. तिने ओळ न् ओळ वाचली, एका ठिकाणी 'खवट'च्या वर 'ओशट' घ्या म्हणाली. माझ्या मनासारखं झालं. मी खिशातून पेन काढलं.

"थांबा सायेब," ती म्हणाली, आणि वाटी माझ्यापुढे धरली. "आदी चव घ्या. मंग सही."

बनुबाई हसल्या, फोनमधला जोतीरामही. मी मान खाली घालून तुकडा तोंडात टाकला. वाईच्या घरातला चौथा भाग आठवला.

"आता सांगा, तळाची का कडंची?"

मी घोळवली, विचार केला, आणि पस्तीस वर्षांच्या अनुभवाने सांगितलं, "तळाची."

"कडंची हाय," अंजना म्हणाली. अंगणभर हशा पिकला, म्हशींनीसुद्धा माना वळवल्या. तिने वाटी मागे घेतली नाही, तशीच पुढे धरून ठेवली. मी दुसरा तुकडा घेतला, या वेळी नीट, घाई न करता. आणि मगच सही केली.